बर्फावर चढून बसणारं जहाज

मामी कधी कुणाला फोन करत नाही. आलेला घेते, पण स्वतःहून नंबर लावायचा तर शेजारच्या पोरीला हाक मारावी लागते, आणि ते तिला कमीपणाचं वाटतं. त्यामुळे त्या मंगळवारी सकाळी, नवीन पनवेलच्या घरी गॅलरीत पेपर वाचत बसलो असताना फोनवर मामाचं नाव आलं आणि पलीकडून आवाज मात्र मामीचा आला, तेव्हाच मला काय ते कळलं. तिनं रडारड केली नाही. "तुजा मामा गेला रे," एवढंच म्हणाली. मग, "तू ये... पन गाडी सावकाश चालव, घाई करून आता काय व्हनार नाय." पनवेल ते गव्हाण म्हणजे काही लांबचा पल्ला नव्हे. पण त्या दिवशी मी खरंच सावकाश गेलो. गावात शिरायला मन होत नव्हतं. मामाकडे जायचं आणि मामा ओट्यावर नसणार, हे काही केल्या डोक्यात बसत नव्हतं.

हसुराम हे मामाचं नाव. माझ्या आईचा धाकटा भाऊ. शिक्षण चौथी. उमेदीची सगळी वर्षं त्यानं परदेशी मालवाहू जहाजांवर, इंजिनाच्या खोलीत, तेलवाला म्हणून काढली. तेलवाला म्हणजे चालू यंत्राच्या प्रत्येक सांध्याला वेळच्या वेळी तेल घालणारा आणि कुठला सांधा तापतोय यावर लक्ष ठेवणारा माणूस. पेपरच्या पुरवणीत लोक नामांकित माणसांवर लिहितात, मामा तसा कुणी नव्हता. त्याच्या नावाचा चौक होणार नाही. मी लिहितोय त्याचं कारण वेगळं आहे. त्याच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती चारचौघांत झाली. म्हणून ती मांडायचीही चारचौघांतच, असं मी ठरवलं. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. पोरांच्या चुका लाल शाईनं दाखवताना मला कधी संकोच वाटला नाही, तेव्हा स्वतःची दाखवताना वाटून चालणार नाही.

मी लहान असताना मामा दहा-दहा महिने जहाजावर असायचा आणि मग दोन-तीन महिने गावी. तो आला की आमच्या घरी वारं बदलल्यासारखं वाटायचं. साबणाच्या वड्या, बिस्किटांचे डबे, हे तर सगळेच जहाजावरचे आणायचे. मामा मात्र आणायचा त्या सांगायच्या गोष्टी. आणि त्याचा हात! हाताचा तळवा नव्हे, मागची बाजू. कुठल्याही वस्तूला तो आधी हाताची मागची बाजू लावायचा. शेजाऱ्यांचा शेतातला डिझेल पंप सुरू असला की जाता जाता त्यावर हात टेकवायचा आणि म्हणायचा, "हिला ताप आलाय, थोडी बंद ठेव." शेजारी हसायचे. दोन दिवसांनी पंप जळायचा. आम्हां भावंडांना ताप आला तरी तो तसाच, मागच्या हातानं बघायचा. तळव्याला काम करून घट्टे पडलेले असतात, त्याला खरं कळत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. त्याला कळायचं मात्र नेमकं. डॉक्टरांच्या आधी कळायचं.

दहावीला मी वर्गात पहिला आलो तेव्हा वडिलांनी मिठागरावर माझ्यासाठी काम बघून ठेवलं होतं. ते स्वतः तिथेच होते, त्यांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं. मामा नेमका गावी होता. त्यानं वडिलांशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जहाजावरची इस्त्रीची पँट घातली, मला सोबत घेतलं आणि पनवेलला कॉलेजच्या रांगेत जाऊन उभा राहिला. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, वडील का? मामा म्हणाला, मामा. कारकून म्हणाला, सायन्सच का, आर्ट्स घ्या, सोपं जाईल. मामानं त्याला शांतपणे सांगितलं की पोराला यंत्र कशामुळे चालतं ते शिकायचंय, नुसतं चालवायचं नाहीये. मला तसं काही शिकायचं नव्हतं खरं तर. मला मिठागरावर जायचं नव्हतं, एवढंच माहीत होतं. पण ते वाक्य ऐकल्यावर मला वाटायला लागलं की आपल्याला हेच शिकायचंय.

आमच्या सगळ्या गोतावळ्यात पदवी घेतलेला मी पहिला. याचा मला अभिमान होता, आजही आहे, आणि तो मी लपवत नाही. मात्र त्या वयात तो अभिमान अंगावर कोऱ्या शर्टासारखा कडक होता, वाकला तरी दिसायचा. कॉलेजात जायला लागल्यावर मी मामाला अहो-जाहो करायला लागलो होतो. त्यानं दोन दिवस ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी काय तुजा प्रिन्सिपल हाय?" तेव्हा पुन्हा अरे-तुरेवर आलो. बाकी सगळीकडे मात्र मी माझं शिक्षण बरोबर घेऊन फिरत होतो. आईला सांगत होतो की तुळस रात्री प्राणवायू सोडत नाही. आजोबांना सांगत होतो की ग्रहणात पाणी पिऊन काही होत नाही. बरोबरच सांगत होतो. त्यामुळे आपण जे बोलतो ते बरोबरच असतं, अशी सवय लागली.

माझ्या थोरल्या बहिणीची हळद होती. बी.एस्सी.चा निकाल लागून महिनाही झाला नव्हता. आमच्याकडे हळदीला सगळं गाव असतं, आणि नवरीचा मामा म्हणजे त्या दिवशीचा मानाचा माणूस. संध्याकाळी मांडवात जेवणाच्या पंगती बसायच्या आधी माणसं मामाभोवती गोळा झाली आणि कुणीतरी म्हणालं, हसुराम, ती बर्फाची सांग. मला ती गोष्ट तुकड्यातुकड्यांनी माहीत होती, सलग कधी ऐकली नव्हती. मामा पंचवीस-सव्वीसचा असताना त्याचं जहाज युरोपच्या पार वरच्या टोकाला, फिनलंडच्या बाजूच्या समुद्रात, बर्फात अडकलं होतं. समुद्रच गोठला. सकाळी उठून बघतात तर चारी बाजूंना पांढरं मैदान, आणि जहाज मधोमध, चिखलात रुतलेल्या म्हशीसारखं. सात-आठ दिवस तसेच गेले. मग लांबून धूर दिसला. बर्फ फोडणारं जहाज येत होतं.

मामा सांगायला लागला की फार छान सांगायचा, घाई करायचा नाही. ते जहाज बर्फ कापत नाही, तो म्हणाला, ते बर्फावर चढतं. पुढचा भाग उचलून बर्फावर ठेवतं आणि मग खाली बसतं. हत्ती बसावा तसं. बसलं की बर्फ फुटतो. त्याला मागं पाण्यात फिरणारा पंखा असतोच, पण पुढंही एक पंखा असतो. आणि कधी ते स्वतःच अडकलं, तर स्वतःला झोके देतं. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे... आणि सुटतं. हे सांगताना मामा बसल्या जागी डुलत होता आणि सगळ्या मांडवाची मान त्याच्याबरोबर हलत होती. "आन् मी त्याच्या पोटात गेलतो," मामा म्हणाला. "कसा गेलतो ते आयका..."

इथं मी बोललो. कुणी विचारलं नव्हतं. उभा राहून बोललो. म्हणालो, मामा, हे शक्य नाही. जहाज पाण्यावर तरंगतं ते पाण्याच्या प्लावक बलामुळे, ते बर्फावर चढलं तर कलंडेल. बर्फ फोडायला नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, धारदार लागतं, कुऱ्हाडीसारखं. पंखा पुढे लावला तर बर्फात मोडून जाईल, म्हणून तो कायम मागेच असतो. आणि एवढं मोठं जहाज स्वतःला झोके देणार कसं, त्याला कोण ढकलणार? पुस्तकातले शब्द वापरून, हातवारे करून मी हे सगळं समजावून सांगितलं. मांडवात एक मोठं हसू उसळलं. ते मामाला हसले की माझ्या तोऱ्याला, ते तेव्हा मला कळलं नाही. मला वाटलं माझं कौतुक झालं. कुणीतरी म्हणालं, "हसुराम, तुजं जहाज बुडवलं तुज्याच भाच्यानं." वडील मिठागरावरच्या त्यांच्या माणसांकडे बघून मिश्यांत हसत होते. पोरगं कसं बोलतंय बघा, असं ते हसू होतं.

मामा माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. एखाद्या यंत्राचा आवाज बदलला की तो जसा कान देऊन थांबायचा, तसा. मग म्हणाला, "आसंल. तू शिकलेला हायस." आणि भाताचं पातेलं उतरवायला माणसं कमी पडतायत का ते बघायला उठून गेला.

त्यानंतर मामानं ती गोष्ट कधी सांगितली नाही. कुणी आग्रह केला तर म्हणायचा, जुनं झालं, आठवत नाय आता. पुढे एकदा गणपतीत माझ्या मुलीनं, मेघनानं, त्याच्या मांडीवर बसून बर्फाच्या जहाजाची गोष्ट सांग म्हणून हट्ट धरला होता, माझ्या आईकडून कधीतरी ऐकलं असेल तिनं. मामानं तिला एका माकडाची गोष्ट सांगितली. मी तिथेच बसलो होतो. मला तेव्हाही काही वाटलं नाही. माझं बरोबर होतं ना. पुढची सगळी वर्षं मी शाळेत आठवीच्या पोरांना प्लावक बल शिकवलं आणि दर वर्षी, पोरं कंटाळली की, माझा एक मामा कसा बर्फावर चढणाऱ्या जहाजाची थाप मारायचा ते सांगून हसवलं. हेही लिहायला हवं. दर वर्षी सांगितलं.

मेघना शिकायला फिनलंडला गेली हा योगायोगच. तिथल्या विद्यापीठात जागा मिळाली, ती गेली. मागच्या उन्हाळ्यात मी आणि सुनीता, माझी बायको, तिच्याकडे महिनाभर जाऊन राहिलो. एक दिवस ती आम्हांला एका बंदराच्या गावी घेऊन गेली. धक्क्याला एक जुनं जहाज बांधून ठेवलेलं होतं. काळं अंग, पिवळसर चिमणी, पितळ घासूनपुसून लखलखीत. कोळशावर चालायचं, आमच्या वडिलांच्याही जन्माआधीचं. आता संग्रहालय केलंय. तिकीट काढून आत जायचं, शेजारी कॉफीचं दुकान, पोरं डेकवर पळतायत. पाणी निळं, बर्फाचा मागमूस नाही. मी वर चढताना मेघनाला विचारलं, हे कसलं जहाज? ती म्हणाली, बर्फ फोडायचं.

आत निळा डगला घातलेला एक म्हातारा माणूस माहिती सांगत होता. तो पगारी नव्हता, स्वतःहून येत होता, त्याचे वडील या जहाजावर होते. तो इंग्रजीत हळूहळू बोलत होता आणि मला प्रत्येक शब्द कळत होता, तेच अवघड झालं. बघा, तो म्हणाला, याचा पुढचा भाग धारदार नाही, चमच्यासारखा गोल आहे. कारण हे जहाज बर्फ कापत नाही. ते बर्फावर चढतं आणि आपल्या वजनानं तो फोडतं. पुढेही एक पंखा आहे, तो बर्फाखालचं पाणी ओढून काढतो, म्हणजे वरचा बर्फ अधांतरी होतो आणि लवकर मोडतो. आणि दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या आहेत. जहाज अडकलं की पंपानं पाणी या बाजूच्या टाकीतून त्या बाजूच्या टाकीत न्यायचं, पुन्हा परत आणायचं. असं करून ते स्वतःला... हे सांगताना तो म्हातारा डावीकडे-उजवीकडे डुलला.

सुनीतानं माझा दंड धरला. चक्कर येतेय का, म्हणाली. मी नाही म्हटलं आणि इंजिनाच्या खोलीचा लोखंडी जिना उतरलो. खाली जुन्या तेलाचा वास अजून होता. माणसाच्या दुप्पट उंचीचे दांडे, थांबलेले. त्यांच्यामध्ये एक माणूस जेमतेम उभा राहील एवढी जागा, आणि तिथं तेलवाला उभा राहून, दांडा फिरून समोर आला की क्षणभर त्याला हात लावून तो तापलाय का ते बघायचा. म्हाताऱ्यानं ते करून दाखवलं. हाताची मागची बाजू.

मी तिथूनच मामाला व्हिडिओ कॉल लावला. आपल्याकडे दुपार होती. शेजारच्या पोरीनं फोन त्याच्यासमोर धरला. मी घाईघाईनं म्हणालो, मामा, मी कुठे आहे बघ, हे बघ, बर्फ फोडायचं जहाज, तुला सगळं दाखवतो. मला वाटलं होतं तो हरखून जाईल. तो डोळे बारीक करून बघत राहिला. मग म्हणाला, "मी बगितलीय रे ती. तू बग." आणि फोन पोरीकडे दिला.

ते जहाज म्हणजे मामाचं तेच की त्याचं एखादं भावंड, ते मला आजही सांगता येणार नाही. तिथं अशी बरीच होती म्हणे.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी गव्हाणला गेलो. मनात ठरवून गेलो होतो की माफी मागायची. पण मी मास्तर. नुसती माफी कशी मागणार? लॅपटॉप घेऊन गेलो, फोटो लावले, एका कागदावर टाक्यांची आकृती काढली. मामा ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत, मी खाली पायरीवर, वरून दर थोड्या वेळानं विमान जात होतं. मामा, माझं चुकलं, असं म्हणालो. हे एक वाक्य झालं, आणि मग मी तासभर समजावून सांगितलं. गुरुत्वमध्य कसा सरकतो, बर्फाची ताकद वाकताना कशी कमी पडते, पुढचा पंखा नेमकं काय करतो. मामा मन लावून ऐकत होता. मध्ये एकदा म्हणाला, "तिथं खाली एक म्हातारा व्हता..." आणि मी म्हणालो, हो मामा, आता सांगायलाही एक म्हातारा येतो, फार छान माहिती देतो, आणि ही बघ, ही झडप... त्यानं झडप बघितली. सगळं संपल्यावर म्हणाला, बरं झालं तू जाऊन आलास. आतल्या बाजूला वळून मामीला म्हणाला, "मास्तरला च्या टाक."

मी हलक्या मनानं घरी आलो. सुनीताला सांगितलं, मिटलं एकदाचं. ती म्हणाली, काय म्हणाले मामा? मी म्हटलं, काही नाही, चहा दिला.

त्यानंतर सहा-सात महिन्यांत मामा गेला. त्या मधल्या काळात मी तीन-चार वेळा तरी गेलो असेन. प्रत्येक वेळी गुडघे, डॉक्टर, उलव्यात उठलेल्या इमारती, विमानतळाची वर्दळ, हेच बोललो. हळदीतल्या माणसांसमोर आपलं चुकलं हे कबूल करायचं, असं मनात होतं. एखादं लग्न येऊ दे, सगळे जमतील तेव्हा सांगू, असं म्हणत राहिलो. सगळे जमले ते त्याच्या दहाव्याला.

आमच्याकडे दहाव्याला खाडीकाठी माईक असतो. श्रद्धांजलीची भाषणं होतात, पुढारी येतात, मयत माणसाला एकदाही न भेटलेले लोक त्याच्या मनमिळाऊ स्वभावाबद्दल बोलतात. कावळा शिवायची वाट बघत माणसं उभी होती. मी माईक मागून घेतला. म्हणालो, माझ्या बहिणीच्या हळदीला मामानं एक गोष्ट सांगितली होती आणि मी ती खोटी पाडली होती. ती खरी होती. मी ते जहाज डोळ्यांनी बघून आलोय. मामा खरं बोलत होता आणि चुकलो होतो मी. एवढंच. समोरच्या निम्म्या माणसांना मी कशाबद्दल बोलतोय ते कळलंच नाही, त्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पण त्या हळदीला मामाशेजारी बसलेला एक म्हातारा, जनू तांडेल, काठी टेकत माझ्याजवळ आला. म्हणाला, "मास्तर, येक पेपर तपासायला तू लय वर्सं लावलीस." आणि माझ्या खांद्यावर थापटून पुढे गेला. थोड्या वेळानं कावळा शिवला. लोक माझ्याकडे बघून मान हलवायला लागले. मी विज्ञानाचा माणूस, पण त्या दिवशी मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

मामाच्या घरी परत आल्यावर मी आत मामीजवळ जाऊन बसलो. मला वाटत होतं ती काहीतरी चांगलं बोलेल. माईकवरचं तिनं ऐकलं होतं. ती तांदूळ निवडत होती. खाली मान घालूनच म्हणाली, "पुडचं इचारलंस का त्याला कदी?"

मी म्हटलं, कुठलं पुढचं?

"त्याला बोटीचं कुटं सांगायचं व्हतं," मामी म्हणाली. "बोटीचं तर काय, कुनीपन सांगंल. त्याला त्या बाबाचं सांगायचं व्हतं."

मग तिनं मला सांगितलं. एका दिवसात नाही. मी नंतरच्या रविवारी गेलो, त्याच्या पुढच्या रविवारी गेलो, तिला जसं आठवेल तसं ती सांगत गेली. मामाचं जहाज अडकलं तेव्हा बर्फ इतका घट्ट झाला होता की चौथ्या-पाचव्या दिवशी खलाशी पाय मोकळे करायला खाली उतरले. शिडी लावली, सगळे उतरले, कुणी चेंडू खेळायला लागलं. मामा शिडीच्या शेवटच्या पायरीवर थांबला. खाली समुद्र होता. पांढरा असला, टणक असला, तरी समुद्रच. आमच्या गावी होडीत पाय ठेवायचा तरी आधी तिला हात लावून तो कपाळाला लावतात. नारळी पुनवेला खाडीला नारळ देतात. त्या दर्यावर बूट घालून चालायचं? मामानं बूट काढले. मोजे काढले. बूट काखेत धरले, भंडाऱ्याकडून, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाक्याकडून, मागून आणलेली मूठभर साखर बर्फावर ठेवली, हात जोडले, आणि अनवाणी दर्यावर चालला. बरोबरचे हसले, ओरडले. त्यानं ऐकलं नाही. किती वेळ चालला ते त्यालाच माहीत. परत आला तेव्हा पायांत काही जाणीव नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी डावा पाय काळानिळा पडला. मामाच्या डाव्या पायाचा अंगठा अर्धाच होता. मी जन्मापासून बघत आलो. यंत्रात गेला असेल, असं आम्ही सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मी विज्ञानाचा पदवीधर, मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही.

बर्फ फोडणारं जहाज आलं तेव्हा त्यावर आजाऱ्याची खोली होती म्हणून मामाला त्यावर नेलं. असा तो त्याच्या पोटात गेला. ती पांढऱ्या रंगाची एका खाटेची खोली मीही बघितली होती. दारातून डोकावून पुढे गेलो होतो. तिथं मामाला भाषा येत नव्हती, कुणाशी बोलता येत नव्हतं. खाली भट्टीत कोळसा टाकणारा एक म्हातारा होता. तो पाळी संपली की वर यायचा, अंगातला सदरा वर करायचा, आणि मामाचे दोन्ही पाय आपल्या उघड्या पोटाला लावून बसायचा. भट्टीपासून आलेला, अंग तापलेलं. मामा पाय ओढून घ्यायचा. बापाच्या वयाच्या माणसाच्या अंगाला पाय लावायचे म्हणजे काय... तो हात जोडायचा, नको नको म्हणायचा. म्हातारा त्याच्या घोट्यांना धरून पाय परत पोटाशी घ्यायचा आणि तसाच बसल्या बसल्या झोपायचा. तीन दिवस. जहाज बर्फावर चढत होतं, बसत होतं, सगळ्या खोलीला हिसके बसत होते, आणि तो म्हातारा हलत नव्हता.

हे मामाला सांगायचं होतं. हळदीत, सगळ्या गावासमोर. मी पंख्याचा वाद काढून त्याला अडवलं होतं. आणि ओट्यावर, शेवटच्या संधीला, "तिथं खाली एक म्हातारा व्हता," एवढं त्यानं सुरू केलं होतं आणि मी त्याला झडप दाखवली होती.

आता मी दर रविवारी गव्हाणला जातो. सुनीता डबा देते, मामी तो शेजारी वाटून टाकते आणि मला स्वतःच्या हातची तांदळाची भाकरी घालते. आम्ही आतल्या खोलीत बसतो, मामाच्या खाटेजवळ. खाट अजून तिथंच आहे. मामी सांगताना बऱ्याच गोष्टी चुकीच्या सांगते. मागच्या खेपेला म्हणाली की बर्फाखालचा समुद्र कढत असतो, म्हणूनच तर मासळी जगते. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हटलं, मग?

"मग काय," मामी म्हणाली. तिचा हात खाटेच्या पायथ्याशी, घडी घातलेल्या गोधडीवर होता. त्या मंगळवारी सकाळी मामानं चहा घेतला आणि पाय गार पडलेत म्हणाला, असं ती सांगायला लागली. तिनं गोधडी टाकली, दुसरी टाकली, तरी गारच. तेव्हा ती इथं पायथ्याशी बसली आणि त्याचे दोन्ही पाय तिनं पदराखाली, पोटाशी धरले. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यानं तिला कधी पायाला हात लावू दिला नव्हता, पाय दाबतेही म्हटलं तरी आखडून घ्यायचा.

"वाटलं आता पन घेईल," ती म्हणाली. "तर नाय घेतलं. तसाच पडून ऱ्हायला..."

ती थांबली. मी भाकरी खाली ठेवली. तिचं पुढचं येईपर्यंत बसून राहिलो.